शनिवारची मॅच कोण बघतं

ते पत्रक मीच लिहिलं. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. एका कागदाच्या दोन्ही बाजू, वर जाड अक्षरांत मथळा: आमच्या मुलीही दिसल्या पाहिजेत. खाली मागण्या, आणि उद्गारचिन्हं मागण्यांहून जास्त.

इथे न्यूझीलंडमध्ये, निदान आमच्या वेलिंग्टनकडे, कॉलेज म्हणजे आपली माध्यमिक शाळा. शहराच्या उत्तरेकडच्या काही लहान कॉलेजांनी मिळून मुलींची एक हॉकी लीग चालवली आहे. मोठ्या, श्रीमंत कॉलेजांच्या मुलग्यांचं रग्बी पडद्यावर दिसतं, त्यावर तज्ज्ञ बोलतात. आमच्या मुलींचा निकाल शाळेच्या पत्रिकेत शेवटच्या पानावर यायचा. एकदा तर जिंकलेली मॅच हरलेली म्हणून छापली. मला संताप यायचा. मी पुण्यात शिकताना खळीचा डबा घेऊन भिंतींवर पोस्टर चिकटवलेली मुलगी. इथे शिकायला आले, नोकरी लागली, पण सवय गेली नाही. बसभाडं वाढलं, काढ कागद. भाडेकरूंच्या भिंतींना ओल आली, काढ कागद. म्हणून एका स्ट्रीमिंग कंपनीने लीगला करार देऊ केला आणि कमिटी का-कू करायला लागली, तेव्हा मी त्यात उडी घेतली.

करार साधा होता. टर्फच्या कडेला एक उंच खांब, त्यावर कॅमेरा. तो माणसाशिवाय आपोआप चेंडूच्या मागे फिरतो. सगळ्या मॅच लाइव्ह. बघणाऱ्याने महिन्याची वर्गणी भरायची, त्यातला वाटा लीगला. सही केल्याबरोबर थोडी रक्कम आगाऊ.

मी त्या लीगमधल्या एका टीमची मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या, मलमपट्टीची पेटी, फॉर्म गोळा करणं आणि पंचांना चहा देणं. मी कोणाची आई नाही. जॉन्सनव्हिल या उपनगरात ज्या ताईंच्या घरात मी एका खोलीत भाड्याने राहत होते, त्यांची मुलगी टीममध्ये होती. ताई शनिवारी सकाळी कामावर जायच्या, दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून मी.

ताईंबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दोन वर्षांपूर्वी त्या ऑकलंडहून मुलीला घेऊन निघाल्या होत्या, प्रत्येकीची एक बॅग, नवरा ऑफिसला गेलेला असताना. निराधार बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेने त्यांना इथपर्यंत आणलं. त्याने संपर्क करू नये असा कोर्टाचा हुकूम त्यांच्याकडे आहे. पण हुकूम म्हणजे कागद. त्यांचं खरं संरक्षण एकच होतं, की त्या कुठल्या गावात आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. हे मला माहीत होतं. फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसले तेव्हाही माहीत होतं.

"कोण बघणार गं हे?" ताईंनी विचारलं. त्या कणीक मळत होत्या, हात परातीतच.

"पैसे भरणारेच बघणार. फुकट असतं तर मीच विरोध केला असता. वर्गणी म्हणजे कुलूपच की हो."

"आणि नाव?"

"नाव नाही. फक्त जर्सीचा नंबर. मी लिहून घेतलंय त्यांच्याकडून."

"तुझं ते पत्रक वाचलं मी," त्या म्हणाल्या. "वाचताना कोणीतरी कानाशी ओरडतंय असं वाटतं."

मुलगी फ्रीजमधून दूध काढत होती. पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "मम, प्लीज. सगळ्यांनी साइन केलंय. मी एकटीच वियर्ड दिसणार."

ताईंनी हात पुसले आणि सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली. पिठाचा एक ठसा त्या फॉर्मवर राहिला.

खोटं बोलणार नाही, सुरुवातीला सगळं छान झालं. आगाऊ मिळालेल्या रकमेतून लीगने प्रत्येक टीमला गोलकीपरचं नवं साहित्य दिलं. आधी आमची गोलकीपर भावाचं जुनं हेल्मेट आत टॉवेल कोंबून घालायची. दूरच्या शेतावर काम करणाऱ्या एका बापाने लेकीचा गोल पहिल्यांदा पाहिला आणि कमिटीला पत्र लिहिलं. ते पत्र वाचताना माझेही डोळे भरले. आणि ताईंच्या आईने, सांगलीच्या आजींनी, दोन वर्षांनी नातीला पळताना पाहिलं.

आजींसाठी वर्गणी मीच भरली आणि पासवर्ड त्यांना फोनवर सांगितला. त्यांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि मला तीनदा वाचून दाखवला.

आता आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. घरात एकाने कशाची वर्गणी भरली की ती सगळ्या गोतावळ्याची. लग्नाच्या मोठ्या पातेल्यासारखी ती या घरातून त्या घरात फिरते, आणि कोणी "देत नाही" म्हणालं तर तोच माणूस कंजूष ठरतो. आजींनी पासवर्ड धाकट्या बहिणीला दिला. तिने सुनेला. सुनेने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: आपली नात परदेशात हॉकी खेळते, शनिवारी पहाटे बघा. त्या ग्रुपवर किती माणसं होती हे आजींनाही सांगता आलं नाही. मी ताईंपुढे वर्गणीला कुलूप म्हटलं होतं, आणि त्याची किल्ली माझ्याच हाताने अशा घरात दिली होती जिथे किल्ली दाराबाहेरच्या कुंडीखाली ठेवतात. कंपनीला हे कळायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. पण आधी मला कळायला हवं होतं.

बघणाऱ्यांना मॅचखाली लिहिता यायचं. आमच्या मॅचखाली मराठीच जास्त. "शाब्बास गं पोरी." "दृष्ट काढा तिची." एका मावशींनी नंबर चौदा म्हणजे कोण, कोणाची कोण, हे सगळं नात्यासकट लिहिलं आणि शेवटी: जॉन्सनव्हिलला असतात हो. बाकीच्या टीमच्या आया मला विचारायच्या, तुमच्याकडे इतके लोक एवढ्या पहाटे उठतात? मला अभिमान वाटायचा. ते सगळं वाचूनही मला अभिमानच वाटला, हे मला आता सांगवत नाही.

जुलैमधला शनिवार होता. मुलगी मॅचमध्ये घसरून पडली, पण उठून खेळली. ताई दुपारी कामावरून आल्या, पोहे केले, आणि आम्ही तिघी टेबलाशी बसून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग बघत होतो. ताई खालचं मोठ्याने वाचत होत्या, प्रत्येक नातेवाइकाचा आवाज काढून. मुलगी हसून हसून पोह्यांचा ठसका लागून खोकत होती.

मग ताई थांबल्या.

मी स्क्रीनकडे पाहिलं. नावाच्या जागी नुसतं "फॅन" होतं. रोमन अक्षरांत मराठी. डावा गुडघा जप. तिसरीत जिन्यावरून पडली होतीस, तोच आहे.

"कोण आहे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

ताईंनी लॅपटॉप बंद केला. उठल्या, पुढच्या दाराला आतून कडी होतीच, ती ओढून पाहिली. मग मागचं दार. मग न्हाणीघराची खिडकी, जिच्यातून मांजरसुद्धा येऊ शकत नाही. पुन्हा पुढचं दार. मुलगी तशीच बसून राहिली, एक हात टेबलाखाली गुडघ्यावर. बशीतले पोहे कोणी संपवले नाहीत.

तेव्हापासून माझ्या पोटात जी भीती बसली ती अजून उठलेली नाही. रागाचं मला सगळं येतं. राग आला की काय करायचं, कुठे उभं राहायचं, फलक कसा धरायचा. भीतीचं काय करतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या आठवड्यात दुकानात दुधाच्या रांगेत मागे कोणी पुरुष उभा राहिला की माझी मान ताठ व्हायची. मला काही झालेलं नव्हतं. ज्यांना होणार होतं त्या शेजारच्या खोलीत झोपत होत्या.

पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, नोंद केली. पण "फॅन" म्हणजे तोच, हे सिद्ध करायला वेळ लागणार होता. शनिवार थांबणार नव्हता.

मी लीगच्या सेक्रेटरीकडे गेले. तीच आमच्या टीमची कोच आणि शाळेत खेळाची शिक्षिका. मनाने चांगली बाई आहे. तिने मला क्रीडासाहित्याच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि करार काढला.

"एक मॅच बंद करता येणार नाही," ती म्हणाली. "पूर्ण सीझनचा करार आहे. कॅमेरा त्यांचा, प्रक्षेपण त्यांचं. मी त्यांना विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलंय."

उत्तर मी वाचलं. खेळाडूला चित्रीकरणातून वगळायचं असेल तर तिने त्या मॅचमध्ये भाग घेऊ नये. एवढंच. शेवटी आभार.

"म्हणजे तो बघणार आणि ती घरी बसणार," मी म्हटलं. "वा! करार मोडा ना."

"मोडला तर आगाऊ घेतलेलं परत द्यावं लागेल. त्याचे पॅड झालेत, हेल्मेट झालीत. कुठून देऊ?"

"वर्गणीचा वाटा येतो ना?"

ती हसली, पण चांगलं नाही हसली. "आपल्या टीमला लीगमध्ये सगळ्यात जास्त लोक बघतात. माहीत आहे किती वर्गण्या आहेत तुमच्या लोकांच्या? एक."

हा हिशेब मला त्या आधी सुचला नव्हता. नुसते आमचेच लोक नव्हेत, सगळ्याच टीमची थोडीफार तीच गत होती. लहान लीगला बघणारे म्हणजे आजी, आजोबा, लांब कामाला असलेला बाप. ते वर्गणी भरतात ती प्रेमापोटी, आणि प्रेम वाटून घेतात. त्यावर कंपनी चालेल, लीग चालत नाही. पत्रकात मी लिहिलं होतं की हा पैसा मुलींच्या पायाशी येईल. पायाशी एकदा आला आणि तिथेच थांबला.

"मला तू पटवलं होतंस," कोच म्हणाली. टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

घरी ताई म्हणाल्या, "नाही खेळणार ती." मुलगी म्हणाली, "आय ॲम नॉट हायडिंग. दोन वर्षं हायडच करतोय आपण." मग रडली, मग दार आपटलं. शेवटी कोचनेच तोड काढली. आमची गोलकीपर आजारी होती. मुलीने गोलमध्ये उभं राहायचं: हेल्मेट, जाळी, छातीवर कवच, पायाला पॅड. आई ओळखणार नाही अशी दिसेल. नंबरही दुसरा.

ताईंनी मान हलवली. त्या दिवशी कामावर रजा टाकून त्या गाडीत बसून राहिल्या, गाडीचं तोंड फाटकाकडे, किल्ली लावलेली.

दक्षिणेचा वारा होता, टर्फवरचं पाणी आडवं उडत होतं. मी साइडलाइनला उभी राहिले आणि मला पहिल्यांदा दिसलं की तिथे कोणीच नाही. आधी प्रत्येक शनिवारी आयाबाप छत्र्या धरून उभे असायचे, एक बाप सॉसेज भाजून ब्रेडमध्ये घालून विकायचा, त्यातून टीमच्या व्हॅनचं भाडं निघायचं. आता सगळे घरी उबेत बसून बघत होते. सॉसेजचा तवा कधीचा बंद. एखादा अनोळखी माणूस आत आला असता तर "तू कोण रे बाबा?" असं विचारायला तिथे मी, दोन कोच आणि पंच.

आणि माणूस आला.

काळं जॅकेट, टोपी डोळ्यांवर, पलीकडच्या कुंपणाशी. फोन वर धरलेला. टर्फकडे बघायचा, फोनकडे बघायचा. तो गोलच्या दिशेने चालायला लागला. मी बेंचवरची एक स्टिक उचलली आणि त्याच्याकडे चालत गेले. काय करणार होते कोण जाणे. मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही, फक्त कागद उगारलेत.

"कोण तुम्ही?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"किया ओरा," त्याने दचकून माओरीतला नमस्कार केला. गोरा, दाढीवाला, पन्नाशीचा. "कॅमेऱ्याचा माणूस आहे. खांब हलतोय म्हणून ऑफिसमधून फोन आला. वाऱ्याने चित्र थरथरतंय." त्याने माझ्या हातातल्या स्टिककडे पाहिलं. "तुम्ही ठीक आहात ना?"

मी खाली बसले. तिथेच, ओल्या गवतावर. त्याने खांबाचे नट आवळले, जाताना म्हणाला, "जिथे जातो तिथे असंच ओस असतं हल्ली. पूर्वी निदान कोणी सॉसेज तरी विचारायचं."

मुलीने सात गोल खाल्ले. ती गोलकीपर नव्हतीच. गाडीत हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती, केस घामाने चिकटलेले. "आय वॉज रबिश," म्हणाली. ताई म्हणाल्या, "मला दिसलीच नाहीस. फार छान." दोघी एकदम हसल्या, आणि त्या हसण्यातच मला कळलं की ताईंनी काहीतरी ठरवलंय.

आठवड्याने, रविवारी सकाळी, संस्थेची एक बाई व्हॅन घेऊन आली. या वेळी बॅगा जास्त होत्या. ताई मला म्हणाल्या, "कुठे ते विचारू नकोस."

"विचारणार नव्हते."

"तुझ्यावर राग नाही."

"असायला पाहिजे."

"तुला ना, रागसुद्धा तूच सांगणार लोकांना कसा करायचा," त्या म्हणाल्या आणि माझा गाल ओढला. "कुकर ठेवून जाते. तुझा भात नेहमी कच्चा राहतो."

मुलीने मला मिठी मारली नाही. व्हॅनमध्ये बसताना म्हणाली, "डोन्ट टेल हर, मम. शी विल पुट इट ऑन अ फ्लायर." मला ते लागलं, आणि ते बरोबर होतं.

आजींनाही त्यांनी नवा नंबर दिला नाही. आजी मला फोन करून रडतात. मी म्हणते, पासवर्ड बदललाय मी. त्या म्हणतात, आता कशाला बदललास, आता बघायला आहे कोण.

ताईंना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी ऑफिसमध्ये जेवणाचा डबा उघडत होते. अनोळखी नंबर. मॅनेजर म्हणून माझा फोन नंबर लीगच्या पानावर होता, तो काढायचा मला सुचलाच नव्हता.

"नमस्कार," पुरुषाचा आवाज. स्वच्छ पुणेरी मराठी, सावकाश. "आपण जेवत तर नव्हता ना? मी नंतर करतो हवं तर."

मी डब्याचं झाकण परत लावलं.

"नंबर चौदाचा मी बाबा. आपण तिच्यासाठी फार करता असं ऐकलं. आभार मानायचे होते. पोरगी गेले काही शनिवार दिसली नाही. तब्येत बरी आहे ना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्या कुठे आहेत ते मला माहीत नाही. आणि तुम्ही फोन केलात हे मी आत्ता पोलिसांना सांगणार आहे."

"सांगा ना. मी कुठे बायकोला फोन केलाय?" त्याने अगदी हळू सुस्कारा टाकला, जसा एखादा दुकानदार गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर टाकतो. "माहीत नसेल तर राहू दे. मी आता स्वतःचीच वर्गणी भरलीय. त्या एका वर्गणीत देशातल्या सगळ्या कॉलेजांच्या लीग दिसतात, कल्पना आहे ना आपल्याला? छोट्यातली छोटीसुद्धा. ती खेळल्याशिवाय राहायची नाही, लहानपणापासून तशीच आहे. सीझन मोठा आहे. जेवा तुम्ही."

फोन ठेवला त्याने.

पोलिसांना मी लगेच सांगितलं. त्यांनी पुन्हा नोंद घेतली, या वेळी नंबरसकट. मग मी त्या संस्थेला फोन लावला, कारण ताईंचा नंबर मला ठाऊक नव्हता आणि नसावा हेच आम्ही ठरवलं होतं. तिथल्या बाईने सांगितलं की अशी कोणी त्यांच्याकडे आहे किंवा नाही हे त्या सांगू शकत नाहीत, पण निरोप लिहून घेतील.

"लिहा," मी म्हटलं. "तो सगळ्या लीग बघतोय. मुलीला कुठेही खेळू देऊ नका."

"खेळू देऊ नका?" त्यांनी विचारलं.

"हो. असंच लिहा."

त्यांनी ते मला परत वाचून दाखवलं. निरोप पोचला की नाही हे कळेल का, असं मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही.